शिरे नदीकाठी वणीचे रेचे

वणीत माझी ओळख अजूनही 'आफ्रिकेवाला मिस्त्री' अशीच आहे. लग्नात, तेरवीत, एस.टी.च्या थांब्यावर कोणीतरी गाठतंच. "काय मिस्त्री, सिंह पाह्यला का तिकडं?" मी म्हणतो, "नाही बा. कापूस पाह्यला." ऐकणारा नाराज होतो. आफ्रिकेत जाऊन कापूस पाहून येणारा माणूस त्याला फुकट गेल्यासारखा वाटतो. पण खरं तेच आहे. दोन-अडीच वर्षं मी त्या देशात राहिलो, आणि पाहिला तो कापूस आणि कापसात काम करणारी माणसं. त्यांचीच गोष्ट सांगतो.

आधी माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. चामड्याचा जाड रूळ फिरतो, त्याला लागून एक पोलादी सुरी दाबून बसवलेली असते. रुळाच्या खरबरीत चामड्याला कापसाचे तंतू चिकटतात आणि सुरीखालून ओढले जातात. सरकी जाड, ती अडते. दुसरी सुरी खालीवर होत तिला ठोसे देते आणि ती जाळीतून खाली पडते. पुढून बाहेर येते ती रुई. रुई दाबून बांधली की गाठ. एवढंच काम. पण सुरी किती दाबायची यातच मिस्त्रीचं आयुष्य जातं. जास्त दाबली तर चामडं तापतं, आणि कापसाच्या घरात तापलेलं चामडं म्हणजे आग. कमी दाबली तर रुईत सरकी जाते आणि गिरणीवाले नाक मुरडतात. आणि रेच्याच्या तोंडाशी कोणीतरी दिवसभर बसून हातानं कापूस पसरत राहावं लागतं, पातळ, एकसारखा. आमच्याकडे ते काम बाया करतात.

मी मारेगावकडच्या खेड्यातला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. माझ्या बाबांनी त्या दिवशी घरात सांगितलं, आता मेलेलं ढोर ओढायचं नाही. मग करायचं काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी वणीला येऊन एका जिनिंगमध्ये, म्हणजे रेच्यांच्या कारखान्यात, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला म्हणून लागलो. तिथले फिटर करीम मिस्त्री. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं धरला तो चामड्याचा रूळ. मी दोन पावलं मागं सरलो.

"काहून बे?" मिस्त्री म्हणाले.

"चामडं सोडलं आम्ही."

मिस्त्रींनी रूळ तसाच पुढं धरून ठेवला. "ढोर ओढनं अलग, हे मशीन आहे. याले हात लावला का तू मिस्त्री झाला समज. नाही लावला तर जाय परत."

मी हात लावला. पुढची पाचसहा वर्षं त्यांनी मला पोटच्या पोरासारखं शिकवलं. जिनिंगच्या माठावर बाकीचे मला वरून पाणी ओतून द्यायचे; त्याच माठातून मिस्त्री स्वतःच्या हातानं पेला बुडवून माझ्यापुढं धरत. हळूहळू मीच पेला बुडवू लागलो आणि कोणी काही म्हणालं नाही.

मग ती जिनिंग बंद पडली. शेठनं रेचे विकायला काढले. घेणारा निघाला त्यांचाच भाचा, रतिलालभाई. त्याचं दुकान न्यासालँडमध्ये. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा हा देश नकाशावर आपल्या वैनगंगेएवढा अरुंद दिसतो, आणि पुढे त्याचं नाव मलावी झालं. तिथे शिरे नावाच्या नदीकाठी कापूस चांगला पिकतो, पण जिनिंग कमी. रतिलालभाईला वाटलं, आपणच टाकावी. करीम मिस्त्री त्याला म्हणाले, "भाई, रेचे नेता तर रेच्याचा मानूसही न्या. माहे डोळे गेले. या पोराले न्या."

आईनं ऐकलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीच नाही. "तिकडं कायले जातं? येथं कापूस नाही का?" एवढंच म्हणाली, आणि वाटेसाठी तीळ भाजायला बसली.

मुंबईहून बोट, दारेसलामला उतरून पुढे लॉऱ्यांनी धूळ खात प्रवास. पोचलो तेव्हा रेचे माझ्या आधी येऊन एका पत्र्याच्या शेडमध्ये पडले होते. त्यांच्या कानाकोपऱ्यात वणीची काळी माती वाळून बसली होती. ती मी लगेच झाडली नाही.

रतिलालभाईचं लहानपण आजोळी वणीत गेलेलं. त्यामुळे विषुववृत्ताच्या पलीकडे, मगरी असलेल्या नदीच्या काठी, आम्ही दोघं वऱ्हाडी बोलायचो. माणूस वाईट नव्हता. भ्यायलेला होता. देश इंग्रजांच्या हातातून सुटायच्या बेतात होता आणि आपलं दुकान राहील की जाईल या काळजीनं त्याला झोप लागत नसे. भ्यायलेला माणूस मोठ्यानं बोलतो. पहिल्याच दिवशी त्यानं मला धंदा शिकवला. "नावं पुसत बसू नको, मिस्त्री. सगळ्याइले 'बॉय' म्हन. नाव पुसलं का मानूस डोक्यावर बसते."

पण आमच्या खेड्यात मलाही बराच काळ नाव नव्हतं. जातीनं हाक मारली की वळायचं, अशी रीत होती. मी माणसं भरती करायला बसलो तेव्हा पहिला जो उंच, बारीक माणूस समोर उभा राहिला त्याला खुणेनं विचारलं, नाव काय. तो आधी मागे वळून पाहू लागला, आपल्यालाच विचारतात का म्हणून. मग म्हणाला, "जायलोस." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "किसन." तो म्हणाला, "बाम्बो किसनी." बाम्बो म्हणजे बाप. मोठ्या माणसाला तिकडे तसंच म्हणतात. मी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला ते 'बाम्बो' पुन्हापुन्हा आठवत होतं.

जायलोसला मी मुकादम केला. तो मला न्यांजा भाषा शिकवी, मी त्याला यंत्रावर पट्टा चढवायला शिकवी. रेचे बसले, तेलाचं इंजिन धडधडलं, नि हंगाम सुरू झाला. आणि काम बसेना.

रेच्यावर सगळे पुरुष होते. तिकडे कारखान्यात पुरुषच घ्यायची रीत. चांगले दणकट गडी. पण कापूस पसरायचा हात निराळा. ते ओंजळीनं लोटत, रेचा तुंबे, सरकी फुटे. मी दिवसभर सुऱ्या काढतोय आणि बसवतोय. शेवटी मी रतिलालभाईला म्हणालो, "बाया पाहिजेत."

"येड लागलं का? इकडच्या बाया फॅक्टरीत येत नाहीत."

"कोनी बलावलं होतं का त्याइले?"

मी जायलोसला घेऊन त्याच्या गावी गेलो. 'त्याच्या' म्हणायचं आपलं. गाव होतं त्याच्या बायकोचं. त्या लोकांत लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो, आणि शेत असतं ते बायकांच्या नावचं. आपल्याकडे घरजावयाची थट्टा करतात; इथे अख्खं गाव घरजावयांचं! मी जायलोसला आमच्याकडची रीत सांगितली तेव्हा तो फार वेळ हसत होता. त्याला त्यात विनोद कुठे दिसला ते मला अजून कळलेलं नाही.

गावात शब्द चाले तो एसिनाती नावाच्या म्हातारीचा. जायलोसच्या बायकोची आजी. अंगानं चिपाड, पण आवाज असा की कोंबड्या बाजूला होत. चटईवर बसवून तिनं मला विचारलं ते मजुरीचं नव्हतं.

"पोरं कुठे ठेवणार?"

तिथल्या बाया तान्ही पोरं कापडानं पाठीशी बांधूनच सगळी कामं करतात. शेत खणतात, पाणी आणतात, नाचतातसुद्धा. पण रेच्यांच्या खालून दांडा फिरत असतो, पट्टे पळत असतात. सुटलेलं कापड म्हणजे मरण. वणीला बायांचा पदर खोचलेला नसेल तर करीम मिस्त्री इंजिनच सुरू करू देत नसत. आणि वणीच्या बायांची पोरं बाहेर बाभळीला टांगलेल्या झोळ्यांत असत, हे मी तिला हातवारे करून सांगितलं.

"त्या झोळ्यांजवळ कोण असतं?"

कोणीच नसायचं. पोर रडलं की आईच्या हाताखालचा कापूस वाकडातिकडा पडे, मुकादम ओरडे, आई ओठ दाबून पुढचं काम करी. इतकी वर्षं ते पाहत आलो होतो आणि त्यात विचारण्यासारखं काही असेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

"तुम्हीच बसा," मी म्हणालो.

म्हातारीनं मला न्याहाळलं. "मी आधी झाड पाहीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. शेडजवळच्या आंब्याभोवती फिरली, फांद्या ओढून पाहिल्या, मुंग्या बघितल्या, आणि होकार दिला. रतिलालभाई मात्र भडकला. "झाडाखाली बसाचा पगार? मिस्त्री, आपल्या बापजाद्यानं कधी देला काय असा?"

"पोरं पाठीवर घेऊन बाया अंदर आल्या तर मी पट्टा चढवनार नाही. मले परत पाठवा."

मला परत पाठवणं त्याला परवडणारं नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही. एसिनाती हजेरीवर चढली.

बायांचा हात दोनतीन दिवसांत बसला. त्या गात काम करत, रेच्याच्या ठेक्यावर. एक म्हणे, बाकीच्या उचलत. बाहेरून कुणाचं पोर रडलं की गाणं क्षणभर थांबे. मग म्हातारीचा आवाज येई, कोणत्या पोराला काय झालं ते ती बसल्या जागेवरून ओरडून सांगे, आणि गाणं पुढे सुरू. सुऱ्या काढायचं माझं काम निम्म्यावर आलं. रुई अशी निघाली की वणीत दाखवावी.

त्याच हंगामात देश स्वतंत्र झाला. जायलोसनं विचारलं, "तुमच्याकडे त्या दिवशी काय केलंत?" मी शाळकरी होतो तेव्हा, सांगितलं की आम्हाला गूळ-फुटाणे वाटले. ते त्यानं जाऊन रतिलालभाईला सांगितलं. भाईनं खरंच दुकानातून भुईमुगाचं पोतं आणि साखर पाठवली. स्वतः वाटायला उभा राहिला. पहिल्या माणसापुढे ओंजळ धरली आणि त्याच्या तोंडून 'बॉय' निघता निघता राहिलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मिस्त्री, याचं नाव काय हो?"

हंगामाच्या शेवटाकडे एसिनातीला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

सकाळी मी शेडमध्ये आलो तर कोणी नाही. इंजिनपाशी जायलोस तेवढा उभा. "आज काम नाही, बाम्बो. मयत पुरेपर्यंत कोणी काम करत नाही." तिची एक लेक नवऱ्याच्या कामासाठी दूरच्या गावी राहत होती, ती यायची होती. म्हणजे आज नाही, उद्याही बहुतेक नाही. इकडे स्टेशनावर आमच्या गाठींसाठी वॅगन लागलेली. ती ठरल्या दिवशी भरली नाही तर दुसऱ्याला जाणार. रतिलालभाईनं सगळं भांडवल त्या पहिल्या हंगामात ओतलेलं.

तो लॉरीतून उतरला तोच लालबुंद. "सगळ्याइले काढून टाकतो! नदीपलीकडून मानसं आनतो. जायलोस, तूही जाय!"

जायलोसनं टोपी काढून हातात धरली आणि तो गावाकडे निघाला.

"भाई," मी म्हणालो, "मीही जातो."

"तू कुठं?"

"मयतीले."

"तू गेला तर परत येऊ नको, मिस्त्री. तुह्या तिकिटाचं तू पाह्य."

'मीही जातो' हे आज सांगायला सोपं आहे. तेव्हा नव्हतं. परत जायचं म्हणजे वणीत नोकरी नाही, हातात काही नाही. पण वणीचीच एक गोष्ट डोळ्यांपुढे होती. आमच्या वस्तीत मयत झाली तेव्हा रेच्यावरच्या बाया गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुकादमानं त्यांना दाराबाहेर उभं ठेवलं. त्यात माझी मावशी होती. तिनं मान वर केली नव्हती. मी चपला काढून हातात घेतल्या आणि जायलोसच्या मागे गेलो.

गावात बाया घरात रडत होत्या, पुरुष बाहेर जमिनीवर गप्प बसलेले. माझ्यासाठी एकानं खुर्ची आणली. मी मातीत बसलो. जो येई तो घरून मक्याचं पीठ आणी आणि ढिगात टाकी. सगळ्यांचं जेवण त्यातून. माझ्याजवळ काही नव्हतं. मी लाकडं फोडायला उठलो, तर एकानं कुऱ्हाड दिली.

दुपारी भाईची लॉरी आली. मागे नदीपलीकडची पंधरावीस माणसं. ती शेडकडे जायची; पण वाट गावातून जाते. मयतीचा ढोल ऐकू आला तशी लॉरीतली माणसं उभी राहिली, ड्रायव्हरशी काही बोलली, आणि चालत्या लॉरीतूनच उतरू लागली. एकेक करून आली आणि आमच्याजवळ मातीत बसली. नव्या देशात नवे कामगार घेऊन आलेला रतिलालभाई रिकामी लॉरी घेऊन शेडकडे गेला.

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. खड्ड्यापाशी सगळ्यांनी माती लोटली. मीही वाकून दोन्ही हातांनी लोटली. जायलोसनं विचारलं, "तुमच्यातही असंच?"

"असंच," मी म्हणालो. "आमच्यातही."

मागे कोणीतरी आलं असं वाटलं. रतिलालभाई होता. एकटा, पायी. खांद्यावर मिठाचं पोतं. पोतं त्यानं पिठाच्या ढिगाजवळ ठेवलं आणि कुठे उभं राहावं ते न कळून तसाच राहिला. जायलोस गेला, त्याला हाताला धरून मातीशी आणलं. भाईनं बोटांनी थोडीशी उचलली. मग ओंजळभर.

परतताना तो म्हणाला, "कालपासून एकटा शेडमदी बसलो होतो, मिस्त्री. लय सुनं लागलं. त्या बुढीचा आवाजच कानात येत होता." थोडं चालून पुन्हा म्हणाला, "तुह्या तिकिटाचं म्या बोललो, ते रागानं."

"रागानंच म्हनते मानूस," मी म्हणालो.

दुपारनंतर इंजिन लागलं. आमचे सगळे आले, आणि नदीपलीकडचेही परत गेले नाहीत. गाठी उचलायला तेच होते. वॅगन गेली ती गेलीच. दुसरी मिळायला वेळ लागला आणि भाईला खोट बसली. पण त्या दोन दिवसांची मजुरी त्यानं कोणाची कापली नाही, आणि कोणाला काढलं नाही. पुढच्या हंगामाला जिनिंग उघडायच्या आधी त्यानं मला पहिलं विचारलं ते इंजिनाचं नव्हतं. "आंब्याखाली कोनाले बसवाचं?" म्हणाला. जायलोसची सासू बसली.

तिथे राहायचा परवाना संपल्यावर मी परत आलो. तोवर जायलोस पट्टा चढवत होता, सुऱ्या लावत होता, दोन नवी माणसं तयार करत होता. वणीचे रेचे त्याच्या हातात सोडताना मला जिवावर आलं, पण धास्ती वाटली नाही. निघताना त्यानं मला पिशवीभर कापूस दिला, त्याच्या बायकोच्या शेतातला. करीम मिस्त्रींच्या हातात द्यायचा म्हणून मी तो जपून आणला. मिस्त्री माझ्या येण्याआधीच वारले होते. त्यांना काहीच सांगता आलं नाही, याची हुरहुर आजही आहे.

वणीजवळ तेव्हा एक सहकारी जिनिंग नवीन निघत होती. मला हेडमिस्त्री म्हणून बोलावलं. मी एक अट घातली: झोळ्यांपाशी एक बाई, रेच्यावरच्या बाईइतक्याच मजुरीवर. सोसायटीचे पंच हसले. मी आफ्रिकेची गोष्ट सांगितली नाही. म्हटलं, रुई पाहा आणि मग बोला. एक हंगाम कबूल झाले. रुई पाहिली, मग कोणी तो विषय काढला नाही.

त्या जागेवर मी सोनीबाईला घेतलं. जवळच्या बंजारा तांड्यावरची, पिकल्या केसांची, हातात हस्तिदंती रंगाच्या बांगड्या कोपरापर्यंत. पोरांना तांड्याच्या गोरबोलीत दटावायची आणि वऱ्हाडीत गोंजारायची. एकदा सोसायटीचे नवे अध्यक्ष जिनिंग पाहायला आले. सगळे धावपळीत, आणि ही एकटी लिंबाखाली बसलेली. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"काय बाई, तू काय करतं येथं?"

सोनीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं.

"जिनिंग चालवतो," ती म्हणाली.

अध्यक्ष मोठ्यानं हसले. एका झोळीत हालचाल झाली. सोनीबाईनं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं, आणि झोका दिला.